वॅट विचारू नका, आधी खोली मोजा : होम थिएटरसाठी स्पीकर आणि सबवूफर कसे निवडायचे



"दादा, होम थिएटर बसवून द्यायचं काम सुरू करायचंय, दुकानात कोणते स्पीकर ठेवू?" हा प्रश्न मला सारखा येतो. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, सगळीकडून. आणि प्रश्न नेहमी ब्रँडचा असतो, नाहीतर वॅटचा. व्हिडिओत वेळ पुरला नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन जवळ घ्या, थोडं गणित आहे.

आधी माझी एक फजिती सांगतो, कारण हे सगळं मी तिथूनच शिकलोय. बीबीएला मार्केटिंग शिकलो होतो, आवाज कोणी शिकवला नव्हता.

दुकानाचं दुसरं वर्ष होतं. लातूरचे एक साहेब नांदेडला लग्नाला आले होते. माझ्या दुकानात त्यांनी डेमो ऐकला आणि जागेवर ऑर्डर दिली. दोन टॉवर स्पीकर, एक सेंटर, दोन सराउंड, 12 इंची सबवूफर आणि रिसीव्हर. तोपर्यंतची माझी सगळ्यात मोठी ऑर्डर. मी दुकानात पेढे वाटले. पोरांना टेम्पो देऊन लोहा, अहमदपूर, चाकूर करत माल लातूरला पोहोचवला, जोडून दिला, पैसे घेतले. विषय संपला असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी फोन. "भाऊ, नुसतं घुमायलंय. डायलॉग एक कळंना. तुमच्या दुकानात असं नव्हतं." मी म्हणालो, साहेब, बेस कमी करा. बेस कमी केला तर म्हणाले, आता मजाच राहिली नाही. शेवटी मी स्वतः गेलो. 12 बाय 12 ची खोली, वर स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला भिंतभर काच. सबवूफर कोपऱ्यात दाबलेला, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. दोन तास मी रिमोट घेऊन खटपट केली. काय बिघडलंय हेच मला माहीत नव्हतं, तर सुधारणार काय? टॉवर आणि सबवूफर परत आणले, त्यांचे पैसे परत दिले, टेम्पोचं दोन्हीकडचं भाडं माझ्या अंगावर पडलं. त्यांच्या ओळखीतले दोघे माझ्याकडून सिस्टिम घेणार होते, तेही गेले.

परत येताना गाडीत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. ऑर्डर घेताना मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की खोली केवढी आहे. माझं दुकान लांबलचक, समोरचं शटर पूर्ण उघडं. तिथे 12 इंची सबवूफर छान वाजणारच, निम्मा बेस रस्त्यावर निघून जात होता!

खोली बेसचं काय करते

आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे 1,125 फूट. आता 47 हर्ट्झचा सूर घ्या, म्हणजे सेकंदाला 47 लाटा. 1,125 ला 47 ने भागा, एक लाट जवळजवळ 24 फूट लांब येते. 12 फुटांच्या खोलीत या लाटेचा बरोबर अर्धा भाग बसतो. ती समोरच्या भिंतीवर आपटून परत येते आणि मागून येणाऱ्या लाटेला नेमकी जुळते. मग तो एकच सूर फुगतो. बाकीचे सूर आहेत तसेच राहतात. आपल्याला जे घुमणं वाटतं ते हेच.

घरी करून बघा. लांबट टबमध्ये पाणी घ्या आणि एका लयीत पुढेमागे हलवा. एक लय अशी येते की पाणी दोन्ही टोकांना उसळतं आणि मधलं पाणी जवळपास जागेवर राहतं. खोलीत त्या सुराचंही असंच होतं. भिंतीपाशी सगळ्यात जास्त, मध्यभागी जवळजवळ गायब. याला रूम मोड म्हणतात.

सूत्र एकच पाठ करा. 562 ला खोलीच्या फुटांनी भागायचं. 10 फुटांना 56 हर्ट्झ, 12 फुटांना 47, 15 फुटांना साधारण 37, 18 फुटांना 31. लांबी, रुंदी आणि उंची, तिन्हींना भागायचं. तीन आकडे एकमेकांपासून लांब आले तर खोली बरी. जवळ आले किंवा सारखेच आले तर डोकेदुखी, कारण तोच सूर दोन बाजूंनी फुगतो. लातूरची खोली 12 बाय 12 होती, म्हणजे 47 हर्ट्झ लांबीलाही आणि रुंदीलाही. त्यात सबवूफर कोपऱ्यात, जिथून दोन्ही मोड जास्तीत जास्त जागे होतात. आणि सोफा भिंतीला, जिथे ते जास्तीत जास्त ऐकू येतात. मी त्यांना आणखी महागाचा सबवूफर दिला असता तरी तो तसाच घुमला असता.

10 बाय 10 ची खोली आणि 10 फूट उंची असं आपल्याकडे सर्रास असतं. अशा ठिकाणी गिऱ्हाइकाला मोठा सबवूफर हवाच असेल तर हात जोडा, पण देऊ नका.

आपली घरं

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून आपल्याकडचं काम जमत नाही, त्याला कारण घरांचं आहे. मराठवाड्यात तीन तऱ्हेची घरं भेटतात. जुनं माळवद अजून काही गावांत आहे. लाकडी सरे, वर मातीचा थर, भिंती जाड. माती आणि लाकूड आवाज बऱ्यापैकी पितात, त्यामुळे अशा घरात साधे स्पीकरसुद्धा स्वच्छ बोलतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मात्र जड माळवदाची लोकांनी धास्ती घेतली आणि पत्रे, स्लॅब वाढत गेले. पत्र्याच्या घरात बेस वाजला की पत्रा थरथरतो आणि त्याचा स्वतःचाच आवाज येतो. तिथे आधी पत्र्याचे सैल स्क्रू आवळून घ्या, मग सबवूफरचं बोला.

स्लॅबच्या घरात दुसरा प्रश्न. सिमेंट, टाइल्स, काच, सगळं गुळगुळीत, आवाज चेंडूसारखा उडत राहतो. खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर झर्र असा शेपूट ऐकू आला तर तिथे डायलॉग कळणार नाहीत, स्पीकर कोणताही असू द्या. उपाय महाग नाही. जमिनीवर जाड गालिचा किंवा दोन सतरंज्या, काचेवर जाड पडदा, कापडी सोफा, एखादं भरलेलं पुस्तकांचं कपाट.

पण एक लक्षात ठेवा, पडदा आणि गालिचा वरच्या सुरांना आवरतात. 47 हर्ट्झला पडद्याने काही फरक पडत नाही. आणि ते अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवायचं खूळ कृपा करून सोडा. बेसला त्याचा शून्य उपयोग आहे, त्यात धूळ साठते आणि आग लागली तर भडका उडतो तो वेगळा. बेस आवरायचा असेल तर जागा बदलावी लागते, सोफ्याची आणि सबवूफरची.

सबवूफर निवडताना

5.1 म्हणजे पाच स्पीकर आणि एक बेसची वेगळी वाट. हा .1 सबवूफरकडे जातो. शिवाय छोट्या स्पीकरांना न झेपणारा बेसही रिसीव्हर तिकडेच पाठवतो. तो कुठून तोडायचा याला क्रॉसओव्हर म्हणतात. टीएचएक्सने घरच्या सिस्टिमसाठी 80 हर्ट्झची रेघ ठरवली आणि आजही सुरुवात तिथूनच करायची. कारण सोपं आहे. 80 च्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतोय हे कानाला सहसा ओळखू येत नाही. म्हणून सबवूफर टीव्हीजवळच पाहिजे असं नाही. रिसीव्हरच्या मेनूत सगळे स्पीकर 'स्मॉल' करा, 80 ठेवा, आणि सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवा, नाहीतर एकच काम दोघं करत बसतात.

आकाराचा माझा आपला ठोकताळा असा. लांबी, रुंदी, उंची गुणा. 1,200 घनफुटांपर्यंत 8 किंवा 10 इंची पुरतो. 2,000 च्या आसपास 10 किंवा 12. त्याच्या पुढे एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या. दोन सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले तर सगळ्या खुर्च्यांवर बेस सारखा पोहोचतो. हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी यावर पद्धतशीर अभ्यास केला आहे. गिऱ्हाइकाला वाटतं तुम्ही दोन विकायला बघताय, म्हणून हे ऐकवून दाखवा, सांगू नका.

खोकं बंद की पोर्टवालं, हा पुढचा प्रश्न. पोर्टवाला त्याच किमतीत जास्त जोरात वाजतो आणि स्फोट-बिफोट दणकेबाज करतो. बंद खोक्याचा आवाज आटोपशीर असतो, ढोलकी, तबला, पखवाज त्यात नीट कळतात, आणि छोट्या खोलीत तो सांभाळायला सोपा. छोट्या स्लॅबच्या खोलीला मी डोळे झाकून बंद खोकं सुचवतो.

जागा कशी ठरवायची? सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवा, बरोबर गिऱ्हाईक बसणार तिथे. एखादं सलग बेसचं गाणं लावा. आता तुम्ही भिंतीच्या कडेकडेने रांगत जा, कान जमिनीजवळ. जिथे बेस ना फुगलेला ना मेलेला, प्रत्येक ठोका वेगळा कळतो, तिथे खूण करा. सबवूफर तिथे जाणार. पहिल्यांदा रांगताना लाज वाटते, घरातली लेकरं हसतात. हसू द्या. काम झाल्यावर तीच लेकरं सगळ्या कॉलनीला सांगतात.

सोफा मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या एक तृतीयांश पुढे आला तर उत्तम. तेवढी जागा नसेल तर निदान दोन फूट. वहिनी नाही म्हणतात, मला माहीत आहे. एकदा ऐकवा, मग विचारा.

स्पीकर निवडताना

पहिला पैसा सेंटरवर. सिनेमातलं बहुतेक बोलणं सेंटरमधून येतं आणि "डायलॉग कळत नाही" ही तक्रार सगळ्यात जास्त. सेंटर आणि पुढचे दोन एकाच सिरीजचे घ्या, नाहीतर माणूस डावीकडून उजवीकडे चालत गेला की त्याचा आवाज बदलतो. सेंटर टीव्ही युनिटच्या खणात आत ढकलला की तो मडक्यात बोलल्यासारखा येतो. खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि खाली रबराचा तुकडा देऊन तोंड कानाकडे करा. एवढ्यानेच किती तक्रारी मिटल्यात, काय सांगू.

सबवूफर आहे तर छोट्या खोलीत टॉवरची गरज नाही. बुकशेल्फ स्पीकर पुरतात आणि वाचलेला पैसा सेंटरला लावता येतो. सराउंड बसणाऱ्याच्या बाजूला किंचित मागे, कानापेक्षा एक-दोन फूट वर. छताच्या कोपऱ्यात नाही.

आता वॅट. डब्यावर 5,000 वॅट पीएमपीओ लिहिलेलं दिसलं तर तो आकडा वाचायचाच नाही. पीएमपीओ मोजायची एकच सर्वमान्य पद्धत नाही, ज्याला जे वाटेल ते छापतो. आरएमएस बघा. आणि त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. 3 डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात. म्हणजे 84 चा स्पीकर 90 च्या स्पीकरएवढा वाजवायला चौपट ताकद हवी. गिऱ्हाईक वॅट विचारतं, तुम्ही त्याला हे समजावून सांगा. उदाहरण द्या: 88 चा स्पीकर, सोफा 3 मीटरवर. अंतरामुळे साधारण साडेनऊ डेसिबल जातात. 100 वॅटने 20 वाढतात. म्हणजे कानाशी 98 च्या वर. घरात एवढा आवाज कोणी सहन करत नाही.

वायर घेताना ब्लेडने तार खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. अस्सल तांब्याची 16 किंवा 14 गेज घ्या. आणि घर बांधकामात असेल तर प्लास्टरच्या आधी पाइप टाकून घ्या. यासाठी इलेक्ट्रिशियन आणि सुताराशी दोस्ती ठेवा, निम्मी कामं मला त्यांच्याकडूनच येतात.

डेमो, शेजारी आणि पैसा

डेमोला प्रत्येक जण झिंगाट लावायला सांगतो. लावा, हरकत नाही. पण त्यावरून फक्त जोर कळतो. त्याच 'सैराट'च्या संगीतात परदेशात ध्वनिमुद्रित केलेला वाद्यवृंद आहे, ती व्हायोलिनं वेगवेगळी ऐकू येतात का बघा. सराउंडसाठी 'तुंबाड'मधला पाऊस लावा, पाऊस मागेही पडला पाहिजे. आणि शेवटी आवाज अगदी बारीक करून कुजबुजीचा प्रसंग लावा. त्यात शब्द कळले तर सेटिंग बरोबर आहे.

लातूरला काम करताना खालच्या मजल्यावर कोण राहतं हे विचाराच. लातूर पॅटर्नमुळे गल्लोगल्ली भाड्याच्या खोल्यांत पोरं अभ्यासाला राहिलेली असतात. तुमच्या गिऱ्हाइकाचा बेस स्लॅबमधून सरळ त्यांच्या पुस्तकावर उतरतो. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते 6. सबवूफरच्या खाली जाड रबर किंवा फोमचा पॅड द्या आणि रिसीव्हरचा नाइट मोड कसा लावायचा ते घरच्यांना शिकवून या.

पैशाचं सांगतो. डब्यावर मार्जिन फार उरत नाही, गिऱ्हाईक समोर उभं राहून मोबाइलवर ऑनलाइन किंमत दाखवतं. मला मिळतं ते खोली बघायच्या फीमधून आणि बसवून द्यायच्या कामातून. नांदेडात मी भेटीचे 500 घेतो, लातूरला 1,500, सिस्टिम घेतली तर बिलातून वजा. सुरुवातीला लाजत होतो. पण फी देणारं गिऱ्हाईक तुमचं ऐकतं, फुकट बोलावणारं ऐकत नाही. दुकानात एकच 5.1 डेमोला जोडून ठेवा. बाकी माल ऑर्डर आली की आणा. हैदराबादच्या कोटीतली गुजराती गल्ली आपल्याला जवळ, मुंबईचं लॅमिंग्टन रोड लांब. कुठूनही आणा, पक्कं बिल घ्या आणि सर्व्हिस सेंटर आपल्या भागात आहे का ते आधी विचारा. 12 इंची सबवूफर स्वस्तात मिळाले म्हणून चार आणून ठेवले, असं मी केलंय. दोन वर्षं त्यावर धूळ झाडली.

आता त्या लातूरच्या साहेबांचं. गेल्या वर्षी त्यांचाच फोन आला. माझ्यानंतर त्यांनी दुसरीकडून सिस्टिम घेतली होती, चांगली महागाची. "भाऊ, ही बी तशीच घुमायलीय. तुमचा व्हिडिओ बघितला. येता का?" मी मेजर टेप घेऊन गेलो. सबवूफर कोपऱ्यातून काढून टीव्हीखाली समोरच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर ठेवला. टबमधल्या मधल्या पाण्यासारखं, मध्यावरून रुंदीचा मोड जागाच होत नाही. सोफा मागच्या भिंतीपासून 4 फूट पुढे घेतला, त्यामुळे लांबीचा मोडही तिथे भिंतीच्या निम्म्यावर आला. खाली सतरंजी, काचेला पडदा. अर्धा दिवस लागला. माल एक रुपयाचा विकला नाही. साहेब सिनेमा लावून बसले, वीस मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तेव्हाच का नाही केलं हे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. 1,500 रुपये घेतले, चहा घेतला. त्या महिन्यात लातूरहून दोन फोन आले, दोघांनीही पहिला प्रश्न विचारला, खोली बघायला कधी येता?

तुमचा गृहपाठ. स्वतःच्या घरातली टीव्हीची खोली मोजा, 562 ला तिन्ही मापांनी भागा, आकडे वहीत लिहा. मग मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, घरातला जो काही सबवूफर असेल त्याला जोडा आणि तो सूर हळू आवाजात लावून भिंतीपासून मध्यापर्यंत चालत जा. कुठे फुगला, कुठे मेला, खूण करा. माप आणि आकडे कमेंटमध्ये टाका, मी बघतो. पुढच्या भागात भेटीनंतर गिऱ्हाइकाला कोटेशन कसं लिहून द्यायचं ते घेऊ.